दार लावून घे, बैठक त्यांची आहे

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचून आधी काळजी वाटली आणि मग रागही आला; तो तुझ्यावर नाही, तुला तपासणीवर पाठवताना फॉर्म कसा भरायचा एवढेच ज्यांनी शिकवले त्यांच्यावर आहे. असिस्टेड लिव्हिंगमधल्या, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासातल्या, रहिवाशांची बैठक तू घेतलीस, सगळ्यांनी ‘इथे छान आहे, काही तक्रार नाही’ असे सांगितले, व्यवस्थापिका कोपऱ्यात उभ्या राहून हसतमुखाने कॉफी देत होत्या, आणि त्यांना बाहेर जायला सांगणे उद्धटपणाचे दिसेल म्हणून तू गप्प राहिलीस. आता अहवालात ‘तक्रार नाही’ असे लिहावे का, असे विचारतेस. लिहू नकोस. त्या खोलीत बैठक झालीच नाही.

बैठक रहिवाशांची असते. संस्थेची नसते आणि आपल्या खात्याचीही नसते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ज्या कायद्याखाली तू काम करतेस त्यात हे स्पष्ट आहे: रहिवाशांना आपला गट स्थापण्याचा हक्क आहे, त्यासाठी संस्थेने खासगी जागा द्यायची आहे, आणि कर्मचारी किंवा पाहुण्यांनी गटाने बोलावले तरच आत यायचे आहे. नर्सिंग होमच्या, म्हणजे कायम शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी संस्थांच्या, रहिवाशांच्या पाठीशी 1987 चा केंद्रीय कायदा आहे. असिस्टेड लिव्हिंगचे नियम मात्र प्रत्येक राज्य आपापले करते, म्हणून राज्याच्या कायद्यातली ही वाक्ये हातची सोडू नकोस. ‘आम्हाला त्यांनीच बोलावले आहे’ असे व्यवस्थापिका म्हणतील. म्हणोत. ते खरे आहे का हे रहिवाशांना विचारायचे असते, आणि तेही त्या बाहेर गेल्यावर.

समाधानी माणूस कोणासमोरही समाधानीच असेल, असे तू लिहिले आहेस. जरा विचार कर. जी बाई सकाळी आंघोळ घालते, गोळ्या देते आणि रात्री बेल दाबल्यावर येते, तिच्याबद्दल तिच्या वरिष्ठांसमोर बोलायचे आणि मग पुन्हा तिच्याच हाती अंग सोपवायचे, हे तुझ्याने झाले असते का? जागा सोडायला कायद्याने ठरावीक कारणांसाठीच सांगता येते आणि सहसा 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे तुला ठाऊक आहे. ज्यांचे सगळे घर आता एका खोलीत मावते त्यांना त्यातला ‘नोटीस’ हा एकच शब्द ऐकू येतो.

दार लागल्यावर टीव्ही बंद कर, ज्यांना कमी ऐकू येते त्यांना जवळ बसव, व्हीलचेअर मागच्या रांगेत राहू देऊ नकोस. ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारू नकोस, कारण त्या प्रश्नातच उत्तर भरलेले आहे. रात्री बेल दाबली तर किती वेळाने कोणी येते, शनिवार-रविवारी मदतीला किती जण दिसतात, मागे कोणी काही सांगितले होते त्याचे पुढे काय झाले, हे विचार आणि मग थांब. ती शांतता नव्या इन्स्पेक्टरला सोसत नाही, आणि तो घाईने पुढच्या प्रश्नाकडे वळतो. अशाच एका शांततेनंतर एका आजींनी स्वेटरची बाही सारून मनगटावरची बेल मला दाखवली आणि म्हणाल्या, ‘आंघोळीला जाताना ही काढून ठेवायची, भिजली की बिघडते, असे आम्हाला सांगितले आहे.’ पलीकडच्या दोघींनी मान डोलावली. पाय घसरण्याची भीती सर्वांत जास्त जिथे, तिथेच बेल जवळ नाही. आणि हे कोणत्याही फायलीत लिहिलेले नव्हते.

गटात कोणी काही बोलले एवढ्याने उल्लंघन सिद्ध होत नाही, हे तुझ्या वरिष्ठांचे म्हणणे बरोबरच आहे. पण कुठे पाहायचे ते तिथेच कळते. मग एकेकट्या मुलाखती, नोंदी आणि स्वतःचे डोळे आहेतच. अहवालात रहिवाशांची नावे येत नाहीत, क्रमांक येतात, हेही त्यांना सुरुवातीलाच सांग.

बैठकीत मी फार वेळ घालवते, संस्थाचालकांना दुखावते, असे माझ्याबद्दल वर्षानुवर्षे बोलले गेले, आणि बढत्या माझ्याहून गोड बोलणाऱ्यांना मिळाल्या. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. तरीही त्या तासातले एक मिनिटही मी कमी केले नसते. आपल्याकडे दोन तपासण्यांमध्ये 18 महिन्यांपर्यंत अंतर पडू शकते, आणि लागोपाठ 3 तपासण्यांत एकही दोष न सापडलेल्या संस्थेची पुढची तपासणी 24 महिन्यांपर्यंत लांबवता येते. म्हणजे कॉफीच्या साक्षीने लिहिलेले तुझे ‘तक्रार नाही’ नुसते कागदावर राहत नाही. त्या माणसांना बंद दाराआड बोलायची पुढची संधी ते आणखी दूर ढकलू शकते. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नाही.

तपासणी अजून चालू आहे, असे तू लिहितेस. मग उद्या बैठक पुन्हा घे. व्यवस्थापिकांना सकाळीच भेटून नम्रपणे, पण कारणे देत न बसता सांग की बैठकीला कर्मचारी नसतील. रहिवाशांच्या गटाचे अध्यक्ष असतील तर त्यांची परवानगी घेऊन जुनी इतिवृत्ते वाच. तीच तक्रार तीन-चार महिने येत असेल तर तिच्यावर कोणी काय केले ते विचार. आणि त्याआधी रहिवाशांची पूर्ण यादी मागून घे, कालच्या बैठकीला कोणाला आणलेच नव्हते ते त्यावरून पाहा, आणि त्यांच्या खोल्यांपर्यंत स्वतः चालत जा.

कळावे,
तुझी हितचिंतक