देशाने शिकवले, मग सेवा परक्यांची का? : जर्मनीला निघालेल्या परिचारिकेला उत्तर

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. बी.एस्सी. नर्सिंग आणि कोल्हापूरच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागातली चार वर्षे गाठीशी असताना या वर्षी जर्मनीला यावे का, हा पहिला. दुसरा तुमच्या वडिलांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजी म्हणतात की शासकीय महाविद्यालयात लोकांच्या पैशावर शिकलीस आणि आता सेवा परक्या म्हाताऱ्यांची करणार, हे कोणत्या हिशेबात बसते? मी स्वतः सांगली जिल्ह्यातली, 2018 पासून जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करते, आणि माझ्या घरीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता. म्हणून आधी गुरुजींना उत्तर देते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघेल.

गुरुजींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्याकडे दर हजार लोकांमागे साधारण दोन परिचारिका आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तीन हव्यात, आणि जर्मनीत हाच आकडा बाराच्या आसपास आहे. म्हणजे वरवर पाहता आपण आडातले पाणी उपसून नदीत ओततो आहोत. पण आपल्याकडे तुटवडा परिचारिकांचा जितका आहे त्याहून अधिक भरलेल्या आणि धड पगार देणाऱ्या जागांचा आहे, हे तुम्ही रोज पाहता. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सिस्टर अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षे काढतात. खासगी क्षेत्रासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान रुग्णालयांतही किमान वीस हजार रुपये पगार असावा, अशी शिफारस केली, आणि तो आकडा किती ठिकाणी प्रत्यक्ष हातात पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको. 2012 मध्ये मला पहिला पगार नऊ हजार मिळाला होता. मी ती नोकरी सोडली तेव्हा माझ्या जागेसाठी मुलाखतीला सात मुली बसल्या होत्या, आणि त्यातल्या तिघी माझ्याहून अधिक शिकलेल्या होत्या. मी गेल्याने वॉर्ड रिकामा पडला नाही.

आता पलीकडची बाजू पाहू. जर्मनीत 2023 च्या अखेरीस सुमारे 57 लाख लोक शुश्रूषेवर अवलंबून होते. 2049 पर्यंत तिथे किमान 2 लाख 80 हजार आणि कमाल 6 लाख 90 हजार परिचर्या कर्मचाऱ्यांची कमतरता पडेल, असे त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयाचे अनुमान आहे. या क्षेत्रात 2023 मध्ये साधारण सहापैकी एक कर्मचारी परदेशी नागरिक होता. या देशाला माझ्यासारखी मुलगी येते तेव्हा नेमके काय मिळते? तिचे शाळेपासून पदवीपर्यंतचे शिक्षण दुसऱ्या कोणीतरी केलेले असते, आणि ती पहिल्या पगारापासून पेन्शनचा हप्ता भरू लागते. तो हप्ता पगाराच्या 18.6 टक्के असून निम्मा माझ्याकडून आणि निम्मा मालकाकडून कापला जातो. इथली पेन्शनव्यवस्था साठवणुकीची नाही, आज कमावणाऱ्यांचा हप्ता आजच्या निवृत्तांना जातो. म्हणजे सकाळी ज्या आजोबांना मी आंघोळ घालते त्यांच्या पेन्शनचा वाटाही मीच उचलते, आणि हे मी एका आजोबांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. आपला तोटा होऊ नये म्हणून दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे. मे 2017 पासून लागू असलेल्या त्या करारामुळे इकडची आणि तिकडची नोकरीची वर्षे पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात.

मग भारताला काय मिळते? सगळे पैशाचेच बोलतात, म्हणून ते आधी उरकते. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे 129 अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत त्यातला सर्वांत मोठा वाटा, 20.5 टक्के, महाराष्ट्राचा होता आणि केरळचा 19.7 टक्के. त्यातले बरेच मुंबई-पुण्याच्या खात्यांत पडत असावेत असा माझा कयास आहे. पण जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले आणि मागची भिंत बसली, तेव्हा पंचनाम्याची वाट न पाहता ती पुन्हा उभी राहिली ती इथल्या पगारावर, आणि माझ्या चुलत बहिणीच्या जी.एन.एम.ची, म्हणजे परिचर्येच्या पदविकेची, तीन वर्षांची फीसुद्धा त्यातूनच गेली. ती आज तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करते. गुरुजींना विचारा, हिशेबात ती धरायची की नाही?

हा योगायोग नाही, याचे उदाहरण फिलिपीन्समध्ये आहे. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेने परदेशी परिचारिकांसाठी व्हिसा वाढवला तेव्हा फिलिपीन्समध्ये मुलींची परिचर्येच्या अभ्यासक्रमांकडे रीघ लागली, महाविद्यालयांनी जागा वाढवल्या, आणि अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा परदेशी गेलेल्या एकीमागे नऊ जणी नव्याने परवानाधारक झालेल्या आढळल्या. अर्थात हे तिथे घडले कारण जागा वाढवणे शक्य होते. जिथे एकच नर्सिंग कॉलेज आहे आणि दुसरे काढायला शिक्षकच नाहीत, तिथून दहा जणी गेल्या तरी प्रसूतिगृह बंद पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये 55 देशांची यादी केली, जिथून श्रीमंत देशांनी आपण होऊन भरती करू नये अशी अपेक्षा आहे. त्यातले बहुतेक देश आफ्रिकेतले आहेत. भारत त्या यादीत नाही. फायदा दोघांचाही होतो हे वाक्य सर्व देशांना सारखेच लागू नाही, एवढे गुरुजींना प्रांजळपणे कबूल करावे.

पैशाहून मला महत्त्वाची वाटते ती कामातली देवघेव, आणि ती कुठल्या आकड्यात दिसत नाही. इथे आल्यावर पहिला धक्का असा बसतो की शिरेत सुई लावणे आणि रक्त काढणे हे अनेक रुग्णालयांत डॉक्टरचे काम मानले जाते, तर सकाळी रुग्णाला अंग पुसून, दात घासून, कपडे घालून खुर्चीत बसवणे हे परिचारिकेचे. आपल्याकडे पहिले काम आपण झोपेतही करतो आणि दुसरे मावशींवर किंवा नातेवाइकांवर सोडतो. आपल्या अनेक मुलींना हा अपमान वाटतो. मलाही वाटला होता, पण माझे मत पुढे बदलले. रुग्णाचे अंग रोज आपल्या हाताखालून गेल्यामुळे माकडहाडावरची लाली पहिल्या दिवशीच दिसते, चौथ्या दिवशी जखम झाल्यावर नव्हे. रुग्णाला पूर्ण कुशीवर न वळवता तीस अंशांत कलते ठेवायचे, पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवायची, या गोष्टी आपल्या पुस्तकात होत्याच, पण त्या रोज, प्रत्येक रुग्णाला, लिहून ठेवून करायच्या असतात हे मी इथे शिकले. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेले तेव्हा बहिणीच्या रुग्णालयातल्या मावशींना आणि सिस्टरांना घरातल्याच उशा घेऊन हे दाखवले. खर्च शून्य. उलट बाजूने, शीर सापडत नसली की आमच्या वॉर्डातले तरुण डॉक्टर आता मला हाक मारतात.

भाषेचेही तसेच. पाठ्यपुस्तकातल्या जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल आणि ‘बाइन’ म्हणजे त्याच्या वरचा पाय. पण इथली श्वाबियन बोली बोलणारे आजोबा ‘फूस’ दुखतो म्हणतात तेव्हा दुखणे मांडीतही असू शकते, कारण त्यांच्या बोलीत फूस म्हणजे कंबरेपासून अंगठ्यापर्यंत सगळाच, अगदी आपल्या ‘पाय’सारखा. हॅम्बुर्गहून आलेली माझी सहकारी पावलावर मलम चोळत बसली आणि मी मांडी पाहिली. त्याच आठवड्यात एका आजींनी ‘हेबेन’ म्हटले म्हणून मी त्यांना उचलायला गेले, तर त्यांना फक्त धरून ठेवायला हवे होते. श्वाबियनमध्ये हेबेनचा अर्थ तोच. तेव्हा हिशेब बरोबर झाला.

आता तुमच्याकडे येते. या साऱ्या देवघेवीत एक ठिकाण असे आहे जिथे दोन्ही देश हरतात, आणि मी तिथे चौदा महिने काढले आहेत. इथल्या राज्याच्या कार्यालयाने तुमच्या पदवीला मान्यता देऊन परवाना हातात देईपर्यंत तुम्ही कायद्याने परिचारिका नसता, मदतनीस असता. मला पाठवणाऱ्या एजन्सीने जर्मन भाषेच्या बी-वन स्तरावरच घाईने विमानात बसवले, परीक्षेची तारीख भाषेअभावी दोनदा पुढे गेली, आणि सहा वर्षांचा अनुभव असलेली मी ते चौदा महिने ताटे गोळा करीत आणि चादरी बदलीत राहिले. त्या काळात सांगलीला माझा उपयोग नव्हता आणि श्टुटगार्टलाही माझ्या शिक्षणाचा नव्हता. घरी पाठवायला पैसे उरत नव्हते, कारण पगारही मदतनिसाचा. गुरुजी ज्याला देशाचे नुकसान म्हणतात ते माझ्या लेखी हेच आहे.

म्हणून माझे उत्तर असे की यावे, पण या वर्षी नव्हे. तिकडेच राहून बी-टू, म्हणजे त्याच्या वरचा भाषास्तर, पूर्ण करा. नोकरी सांभाळून त्याला बहुधा सव्वा ते दीड वर्ष लागेल. अभ्यासक्रमाचा तासवार तपशील, कोणत्या विभागात किती तास प्रात्यक्षिक केले याच्या नोंदीसह, महाविद्यालयाकडून आताच शिक्क्यानिशी घ्या. आल्यावर तो मिळवणे म्हणजे दुसरी नोकरीच. मान्यतेचा अर्ज भारतातूनच करता येतो. त्याच्या उत्तरात तुमच्या शिक्षणात काय कमी आहे ते कळवतात, आणि मग ज्ञानपरीक्षा द्यायची की पूरक प्रशिक्षण घ्यायचे हे निवडता येते. तुम्ही अतिदक्षता विभागातल्या असल्याने परीक्षा निवडावी असे मला वाटते. पगाराबद्दल भाबड्या अपेक्षा नकोत. जुलै 2025 मध्ये वृद्धसेवेतल्या प्रशिक्षित परिचारिकेचे किमान वेतन ताशी 20.50 युरो झाले, पण कर आणि विमे जाऊन हाती साधारण दोन तृतीयांश येते.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये श्टुटगार्ट ज्यात आहे त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्या मार्गाची चौकशी जरूर करा, मात्र करारावर विसंबून भाषा टाळू नका. यजमान देशाची गरज कायमची समजू नका, हेही सांगते. 1960 च्या दशकात चर्चच्या ओळखीने केरळमधल्या कितीतरी मुली इथे परिचर्येला आल्या, आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या काही राज्यांनी त्यांतल्या अनेकींचे परवाने वाढवून दिले नाहीत. ज्यांची भारतातली नोंदणी चालू होती त्यांना परतणे सोपे गेले असणार, म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची आपली नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकृत करीत राहा, इथे कितीही स्थिरावलात तरी.

एजन्सीने तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथेच थांबा, कारण इथल्या रीतीने भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. करारात ‘इतक्या वर्षांच्या आत सोडल्यास इतके हजार युरो परत’ असे कलम असेल तर जर्मन प्रत मला पाठवा, सही करण्याआधी. मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नको, माझ्या वेळी त्यातच ते कलम गळले होते.