हरल्यावर घरी येतानाचा रस्ता

"मॅडम, हरला की दोन-दोन दिवस बोलत नाही. बुद्धिबळ बंद करायचं का?" ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पालक हा प्रश्न वरचेवर घेऊन येतात. या वेळी समोर पंधरा वर्षांचा मुलगा होता, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, एकवीसशेच्या पुढे. वाशीच्या स्पर्धेत बरोबरीच्याच खेळाडूविरुद्धचा जिंकत आलेला डाव त्याने घालवला होता.

मी त्याला स्कोअरशीट, म्हणजे डावात चाली लिहितात तो कागद, आणायला सांगितलं होतं. तेहतिसाव्या चालीपर्यंत अक्षर बारीक, नीटस. पुढे मोठं आणि तिरकं. अडतिसावी चाल हत्तीची. घड्याळात एक्केचाळीस मिनिटं शिल्लक असताना ती त्याने काही सेकंदांत केली होती.

"एवढी घाई?"

"दारात पप्पा दिसले. मी मनातल्या मनात जिंकून बाहेर आलो होतो." मग हळूच म्हणाला, "हत्तीवरून बोट उचललं, तेव्हाच कळलं होतं."

वडिलांना हे ठाऊक नव्हतं. गाडी घणसोलीला पोचायच्या आत त्यांनी आईला मोबाइलवर बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, लावायला सांगितलं आणि विचारलं, "हत्ती का हलवलास?" कळकळीनेच विचारलं होतं, सुट्ट्या टाकून ते प्रत्येक स्पर्धेला जातात. पण जे त्याला आधीच बोचत होतं, तेच पुन्हा विचारलं गेलं.

मी त्यांना १२ डिसेंबर २०२४चा सिंगापूरचा डाव सांगितला. जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव, गुण समसमान. जगज्जेत्या डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला आणि गुकेश जगज्जेता झाला. दमलेल्या माणसाचा हात असा जातो, मग हा तर पोर आहे.

हरल्याच्या आठवड्यात खेळ सोडायचा निर्णय घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशी इंजिन बंद. डाव आधी त्याने स्वतः किंवा प्रशिक्षकांबरोबर मांडायचा. गाडीत विचारायचंच असेल तर भूक लागली का, एवढंच. मात्र झोप, जेवण, मित्र हे सगळंच दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, त्यात कमीपणा नाही.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा एक डाव हरला. वडिलांचा फोन आला. "गाडीत मी गप्प बसलो, मॅडम. फार जड गेलं. कळव्याच्या पुलावर तोच म्हणाला, पप्पा, आज घोडा चुकला. वडापाव घेऊया?"