कर्टुल्यांत खरंच औषधी गुण आहेत का? साखर कमी होते का?

भाजी म्हणून कर्टुली (कंटोळी) उत्तम. औषध म्हणून जपून. फळात बहुतेक पाणीच असतं, उष्मांक कमी, तंतू आणि कॅरोटीन बऱ्यापैकी. त्यामुळे मधुमेहींना ही भाजी चालते. साखर उतरल्याचे प्रयोग मात्र मुख्यतः उंदरांवरचे, तेही अर्क देऊन. तेव्हा भाजीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. आयुर्वेदात हिला कर्कोटकी म्हणतात. कंदही औषधात वापरतात, पण घरच्या घरी कंद उगाळून घेऊ नये.

निवडताना हिरवी, घट्ट, मऊ काट्यांची घ्या. पिवळी पडलेली नकोत, बिया दाताखाली कचकच लागतात. काटे हलके घासून धुवा, साल काढू नका. पाव किलोला एक मोठा कांदा, दोन चमचे तेल, दोन तास भिजवलेली मूठभर चणाडाळ. भाजीत पाणी घालायचं नाही. झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटं वाफ द्या. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. कारल्याइतकी कडू नसते, म्हणून पिळून रस टाकण्याचा खटाटोप व्यर्थ.

परसात लावणार असाल तर नर आणि मादी वेल वेगळे असतात. एकटा वेल फळ धरत नाही.