हरिहरेश्वरच्या जाळीदार खडकांचा सूर्यास्ताचा फोटो: लेन्स नंतर, आधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय की हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर जे मधमाशीच्या पोळ्यासारखे जाळीदार खडक आहेत त्यांचा संध्याकाळी फोटो काढला तर आकाश पांढरंफटक आणि खडक काळेठिक्कर आले, तर आता महागाची वाइड लेन्स घेऊ का. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. तुमच्याकडे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी १८-५५ लेन्स आहे ना, ती या जागेला पुरते, मी स्वतः बरीच वर्षं तिच्यावरच काढलेत तिथले फोटो. लेन्सचे पैसे ठेवा बाजूला आणि घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा, कुठल्या तिथीला जाताय ते.

मी पहिल्यांदा गेलो ते कार्तिक वद्य अष्टमीला, कालभैरव जयंती म्हणून. आईला दर्शन घ्यायचं होतं, तिथे आधी कालभैरव मग हरिहरेश्वर आणि परत कालभैरव असा क्रम असतो, ते सगळं होईपर्यंत पाच वाजले आणि मी ट्रायपॉड घेऊन एकटाच त्या घळीतल्या पायऱ्या उतरून खाली गेलो. खडक कोरडे होते, पाणी जरा लांब वाटत होतं, मी आपला फ्रेम लावत बसलो आणि मान वर केली तेव्हा ज्या सपाट कातळावरून चालत आलो होतो त्याच्यावरूनच पाणी यायला लागलेलं. गुडघ्यापर्यंत भिजत, ट्रायपॉड डोक्यावर धरून परत आलो, पायऱ्यांशी पोचेपर्यंत छाती धडधडत होती. त्या दिवशी एकही धड फोटो मिळाला नाही.

रात्री जिथे जेवायला होतो त्या घरच्या काकांनी विचारलं, आज तिथी कुठली? अष्टमी. मग आठाचे पाऊण किती? सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, आणि तुम्ही पाचला खाली उतरलात! मी नुसता बघत राहिलो त्यांच्याकडे. कोकणातल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं, पूर्वी शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घ्यायचे ती इथे अशी कामाला येते. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, आणि त्याच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक नक्की बघायचंच, पण महिन्याभरातले कुठले दिवस आपल्या कामाचे हे ठरवायला पाऊणकी पुरते. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, म्हणून मी गुडघ्यावर निभावलो. उधाणाच्या दिवसांत असा अडकलो असतो तर काही खरं नव्हतं.

आता सूर्यास्तासाठी हे उलटं लावून बघा. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो, फेब्रुवारीअखेर पावणेसातला. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणजे ओहोटी सातच्या आसपास. द्वितीयेला दीडला भरती, ओहोटी साडेसातला. म्हणजे या दोन दिवशी सूर्य बुडत असताना पाणी खूप उतरलेलं असतं आणि अजून उतरतच असतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या लगतचे दिवस असल्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त लांब जातं. याउलट द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी तीन-चारलाच होऊन जाते, तुम्ही साडेपाचला पोचलात तर खडक उघडे दिसतात म्हणून बरं वाटतं, पण पाणी तुमच्याकडे येत असतं. फोटोत दोन्ही दिवस सारखे दिसतील, परतीच्या वाटेवर नाही.

आणि खरं सांगू का, फोटोसुद्धा सारखे येत नाहीत. तुमचे खडक काळेठिक्कर आले त्याचं मोठं कारण हेच असणार की ते कोरडे होते. हा सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, कोरडा असला की प्रकाश पिऊन टाकतो. तोच नुकताच ओला झालेला असला की आकाशाचा रंग परत फेकतो. आणि ती जाळी जवळून बघा एकदा, अगदी उकिडवं बसून. समुद्राचं खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, आत मिठाचे स्फटिक होतात, ते वाढताना दगडाचे कण ढकलून सुटे करतात, आणि असं होत होत खळगा पडतो, शेजारी दुसरा, आणि मधली भिंत पातळ पातळ होत जाते. काही खळग्यांत नुसती बोटाची पेरं मावतात, काहींत अख्खी मूठ जाते, आणि मधल्या भिंतींना हात लावला तर खरखरीत, कडेला पांढरी मिठाची रेघ दिसते. पाणी उतरत असताना यातल्या बऱ्याच खळग्यांत वाटीभर पाणी मागे राहतं आणि ते अगदी स्थिर असतं. सूर्य बुडाल्यावर त्या प्रत्येक वाटीत नारिंगी-जांभळं आकाश दिसतं, काळ्या दगडात. भरती येत असताना हे मिळत नाही, तेव्हा खळगे कोरडे असतात आणि लाट आली की एकदम सगळं फेसाळ होऊन जातं.

म्हणून मी काय करतो तर सूर्यास्ताच्या तासभर आधी खाली पोचतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच, फक्त लाटा बघायच्या, सगळ्यात मोठी लाट कुठपर्यंत येते ते. तिच्या बरंच वर ट्रायपॉड, आणि समुद्राकडे पाठ कधीच नाही. शेवाळ हिरवं दिसतं तिथे पाय ठेवायचा नाही, काळं चकचकीत असतं तिथे तर अजिबात नाही. चपला चालणार नाहीत, कालवं चिकटलेली असतात ती पाय कापतात.

सूर्य अजून वर असताना त्याच्याकडे कॅमेरा धरूच नका, आडवे वळा. उजेड बाजूने घासत येतो, प्रत्येक खळग्याचा अर्धा भाग सोनेरी आणि अर्धा सावलीत, जाळी तेव्हाच उठून दिसते. मग सूर्य टेकला की समुद्राकडे वळा, ट्रायपॉड जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणा, लेन्स १८ एमएमवर, अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ १००, फोकस साधारण पाच फुटांवरच्या दगडावर मॅन्युअल करून ठेवा, पुढच्या खळग्यापासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. एक फोटो आकाशाच्या हिशोबाने आणि कॅमेरा न हलवता दुसरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश घेऊन उजळ, खडकांसाठी, घरी दोन्ही जोडता येतात. शटर मला पाव ते एक सेकंद आवडतो, दगडावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेघा दिसतात. तीस सेकंद ठेवून समुद्राचं धुकं करतात लोक, मला ते त्या जागेचं वाटत नाही, तिथली लाट खरंच आपटते. फोनवर काढणार असाल तर आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडा खाली ओढा, बाकी सगळं तेच.

सूर्य बुडाला की बहुतेक लोक लगेच निघतात. तुम्ही पाणी उतरतंय याची खात्री असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थांबा, खरा रंग तेव्हा येतो. पण एकटे जाऊ नका, दोघांकडे टॉर्च असू द्या, आणि वाट बंद असल्याचा बोर्ड किंवा देवळातल्या कुणी खाली जाऊ नका म्हटलं तर ऐका, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. पावसाळ्यात तर नकोच, तिथी कुठलीही असो. मुक्कामावर आल्या आल्या ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, लेन्सवर खारे शिंतोडे असतील तर आधी ओल्या फडक्याने टिपा, कोरडं घासलंत तर मिठाने चरे पडतात.

दोन दिवसांतला एकच जमणार असेल तर अमावास्येनंतरची शुद्ध द्वितीया घ्या. सूर्य गेला त्याच बाजूला, थोडी वर, चंद्राची कोर दिसते, आणि पाणी साचलेला एखादा मोठा खळगा सापडला आणि कॅमेरा अगदी पाण्याशी टेकवला तर ती कोर त्याच्यातही येते. मला हा फोटो एकदाच मिळालाय.