आधी एक पावसाळा बघ

पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेती आखण्याचा, ७२ तासांचा डिझाइन कोर्स झाला, छान. पण लगेच शिकवायला लागू नकोस. पाऊस सुरू असताना छत्री घेऊन बांधावर जा. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठली माती वाहून नेतं, हे कागदावर कळत नाही. मग ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या ओळंबा लावलेल्या चौकटीने, समपातळी रेषा आखून चर खण आणि जादा पाण्याला सांडवा ठेवच. मी पहिल्या वर्षी तो विसरलो नि अख्खा चर फुटला! लागवड घराजवळच्या दोन-चार वाफ्यांपासून कर. रोज नजर पडते तिथेच निगा राहते. धंद्याचं म्हणशील, तर शिकणाऱ्यांसमोर हिशेबाची वही उघडी ठेव, तोट्याच्या पानांसकट. माणसांची काळजी आणि वाटून घेणं हीसुद्धा पर्माकल्चरची मूळ तत्त्वंच आहेत.