गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज बद्द का होतो? पिकअप (तारांच्या कंपनाचा सिग्नल करणारा भाग) बदलू का?

पिकअप बदलू नका, दोष त्याचा नाही. नॉब उतरवला की पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचा) रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो आणि केबलच्या कपॅसिटन्सशी मिळून ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर, खातो. केबल लांब असेल तर जास्तच.

ट्रेबलला वेगळी वाट द्यायला २५०के (२५० किलो-ओहम) पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर डागा, त्याला समांतर १५०केचा रेझिस्टर. ग्राउंडच्या पायाला हात लावायचा नाही. नुसता कपॅसिटर लावला तर कमी व्हॉल्यूमला आवाज चिरका येतो. रेझिस्टरमुळे नॉबची चाल जराशी बदलते, तेवढं चालवून घ्या. कपॅसिटरवर १०२ छापलंय ना, बघून घ्या. १०३ म्हणजे दहापट मोठा, त्यातून ट्रेबलबरोबर मिडही (मधले सूरही) पुढे जातो. आणि सोल्डरिंग आयर्न पायावर दोन-तीन सेकंदच टेकवा, नाहीतर पॉटचा ट्रॅक जळून खरखर सुरू.