पथनाट्य बघून लोक टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. थकलेल्या मजुरीच्या प्रश्नावर नाटकातून खरंच काही बदल घडवता येईल का?

येईल, पण आधी शेवटची घोषणा काढून टाका. उत्तर तुम्हीच दिलंत की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात घडवलेलं ‘फोरम थिएटर’ तुमच्या कामाचं आहे. त्यात नाटक हरण्यावर संपतं आणि मग प्रेक्षक आत येऊन ते पुन्हा खेळतात.

संहिता दहा मिनिटांची, पात्रं चार-पाच. नायिकेला तिचे पैसे हवेत, हे पहिल्याच मिनिटात कळू द्या. मग ती वेगळं वागू शकली असती असे निदान तीन क्षण पेरा: हजेरी स्वतः लिहून ठेवली नाही, मुकादमाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही केली, सोबतीण बोलायला लागली तेव्हा तिला गप्प केलं. शेवटी ती हात हलवत परत जाते.

बहुतेक संहिता इथेच फसतात. गोष्ट थेट मारहाणीपर्यंत नेली, तर तिथे कुणी काय करणार? त्याआधीचे क्षण दाखवा. मालकालाही त्याची कारणं द्या, तीही पटण्यासारखी. तो नुसता राक्षस असेल तर त्याच्याशी वाद घालायला कुणी उठत नाही.

प्रयोगाला ४०-५० माणसं पुरेत, अर्धवर्तुळात, कलाकारांच्याच पातळीवर. उंच मंचावर चढायला लोक बिचकतात. एकदा सलग दाखवा, मग तेच पुन्हा सुरू करा. आता कुणीही ‘थांबा’ म्हणावं, नायिकेचा रुमाल खांद्यावर घ्यावा आणि तिथून पुढे खेळावं. बाकीच्यांनी आपलं पात्र सोडायचं नाही, सहज हार मानायची नाही. निम्म्या तालमी याच उत्स्फूर्त खेळाला द्या. मालकाच्या जागी मात्र कुणाला येऊ देऊ नका. त्याने ‘घ्या पैसे’ म्हटलं की प्रश्न फक्त नाटकात सुटतो.

सूत्रधाराने निकाल द्यायचा नाही, विचारायचं: हे चाललं असतं का? तिला याची काय किंमत मोजावी लागेल? सुरुवातीला कुणीच उठत नाही आणि तो घाबरून स्वतः बोलत सुटतो. त्यापेक्षा शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला सांगावं. हमखास कुणीतरी उठतं.

खऱ्या घटनेवरून लिहीत असाल तर नाव, जागा, कामाचा प्रकार, सगळं बदला. ओळख पटली तर त्या बाईचं काम जाईल. याबाबत मुळीच ढिलाई नको.

एक जण फक्त लिहायला बसवा: कोणता उपाय सुचला, तो कुठे अडला. बोआल १९९३ ते १९९६ रिओच्या नगरसभेत होते तेव्हा अशाच खेळांतून आलेल्या सूचनांमधून १३ कायदे झाले. तुमच्याकडे तो अधिकार नसला तरी आठवड्याच्या आत ती वही घेऊन त्याच लोकांना भेटा. खेळायला पुढे आले होते त्यांना आधी बोलवा, आणि हजेरीची नोंद ठेवण्यासारखी एकच गोष्ट त्या बैठकीत सुरू करा.